चाल नेली, बोली टाकली

जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन-प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने हुबेहूब कोल्हापुरी घडणीची पायताणे आपल्या मॉडेलांच्या पायांत घातली आणि कोल्हापूरचे नाव मात्र घेतले नाही, तेव्हा केवढा गहजब झाला! २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू, ती घडवणारे कारागीर, त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब, या सगळ्याचा उच्चार व्याख्यानांत, अग्रलेखांत, विधानसभेच्या आवारात झाला. महाराष्ट्राच्या व्यापारी महासंघाने पत्र धाडले, कंपनीने प्रेरणेची कबुली दिली, तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारखाने पाहून गेली. राग रास्तच होता. वस्तूचा आकार उचलायचा आणि ती ज्या मातीत, ज्या हातांनी, ज्या नावाने घडली ते सारे मागे टाकून द्यायचे, याला दुसरे काय म्हणणार?

आमचा प्रश्न एवढाच, की हा राग जुलै २०१८ मध्ये कोठे गेला होता? त्या महिन्यात 'धडक' प्रदर्शित झाला. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ची ही हिंदी आवृत्ती. करमाळ्याच्या शिवारातून उचलून उदयपूरच्या तलावाकाठी नेऊन ठेवलेली. तिचा चार गाण्यांचा अल्बम आला. त्यातली दोन गाणी नवी, दोन 'सैराट'मधलीच. तेथेही आकार उचलला गेला, घडणीची जागा मागे टाकली गेली. पण त्या वेळी महाराष्ट्रात जो सूर प्रामुख्याने ऐकू आला तो कृतार्थतेचा होता. मराठी गाणे देशभर पोचले, मराठी संगीतकारांनी हिंदीवाल्यांना आपल्या ठेक्यावर नाचवले, वगैरे. चप्पल परक्याने नेली तर चोरी आणि गाणे आपल्याच कारागिराने बांधून दिले तर बढती, असा हा हिशेब आहे. तो आम्हांला मान्य नाही.

आणि हे आम्ही बाहेरून बोलत नाही. आम्ही अजय-अतुलचे जुने चाहते आहोत. 'चाहता' हा शब्द समीक्षेच्या प्रांतात किंचित ओशाळवाणा मानला जातो. तेथे 'अभ्यासक' चालतो, फार तर 'आस्वादक'. पण ज्याने 'विश्वविनायक'ची ध्वनिफीत आवाज घोगरा होईपर्यंत वाजवली, त्याला आपण अभ्यासक होतो असे म्हणवत नाही. एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांच्यासारखे गळे या दोन नवख्या मराठी भावांच्या चालींत गणपतीला आळवीत होते आणि त्यामागे वाद्यवृंदाचा असा काही दांडगा पसारा होता, की मराठी भक्तिगीताची जुनी सोज्वळ चौकट एकदम अपुरी वाटू लागली. समीक्षकाला निराश होण्याची मुभा असते. चाहत्याला निराश होण्याची किंमत पडते. म्हणून त्याचे म्हणणे अधिक ऐकून घेण्यासारखे असते, असे आमचे मत आहे.

कोल्हापूरच्या माणसाला तर या संगीतकारांविषयी आपलेपणा वाटण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते साहित्याच्या विद्यार्थ्यांना विशेष सांगण्यासारखे आहे. त्यांची जी दोन कामे आम्हांला सर्वांत मोठी वाटतात, ती दोन्ही या जिल्ह्याच्या कादंबरीतून उगवली आहेत. 'जोगवा' (२००९) हा राजीव पाटील यांचा चित्रपट राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवर आणि चारुता सागर यांच्या 'दर्शन' या कथेवर आधारलेला. तर रवी जाधव यांचा 'नटरंग' (२०१०) हा कागलच्या आनंद यादवांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. आम्ही देणार नाही.

'चौंडकं' हे कादंबरीचे नाव मुळात एका वाद्याचे नाव आहे. काखेत दाबून, तात छेडीत वाजवायचे हे यल्लम्माच्या जोगत्या-जोगतिणींचे वाद्य. ते मैफलीत वाजत नाही; ते दारोदार, जोगवा मागताना वाजते. ज्याच्या हाती ते येते त्याचे आयुष्य त्या क्षणी त्याच्या हातातून जाते. गवसांच्या कादंबरीत हे वाद्य हा आवाज नाही, तो निकाल आहे. आता या वाङ्मयीन वस्तुस्थितीवर चित्रपटाचे संगीत करायचे म्हणजे काय, याचे उत्तर अजय-अतुलनी फार थोरपणे दिले. चौंडके आणि तुणतुणे यांना त्यांनी प्रादेशिक रंगासाठी वापरले नाही. जोगत्यांच्या मेळ्याच्या गाण्यात जो आर्त, जवळजवळ किंचाळीच्या सीमेवरचा स्वर आहे, तो त्यांनी नरम केला नाही. आणि मग त्याच्या समोर 'जीव रंगला' ठेवले. संजय कृष्णाजी पाटील यांचे शब्द, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांचे आवाज. देवीला वाहिल्या गेलेल्या दोन देहांना, त्यातल्या एकाला तर पुरुष असून लुगडे नेसावे लागलेले, प्रथमच आपला देह आपला वाटतो तो हा क्षण. हे युगुलगीत नाही, ही सुटका आहे. आणि तिचा हळुवारपणा केवळ त्या आधीच्या चौंडक्यामुळे कळतो. छप्पन्नाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत संगीतकार, गायक आणि गायिका असे तिन्ही सन्मान या चित्रपटाकडे आले, ते उगीच नव्हे.

'नटरंग'मध्येही तेच. यादवांचा गुणा कागलकर म्हणजे तालमीतला गडी; फडाला नाच्या हवा म्हणून तो स्वतः नाच्या होतो, आणि शरीराची सगळी कमाई घालवून बसतो. त्या चित्रपटातल्या लावण्या आज पुरस्कार-सोहळ्यांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत, परदेशातल्या मंडळांत नाचल्या जातात, आणि तेथे त्या निव्वळ लावण्या असतात. चित्रपटात मात्र त्यांतल्या प्रत्येकीवर एका माणसाच्या पुरुषपणाचे कर्ज चढलेले आहे. बेला शेंडे गातात तेव्हा ज्या फडात ते गाणे रंगते, तो फड गुणाने काय देऊन उभा केला आहे हे आपल्याला ठाऊक असते. गुरू ठाकूर यांनी शब्द लिहिले, अजय-अतुलनी चाली बांधल्या, पण हिशेब चुकवला तो यादवांच्या कादंबरीने. सांगायचा मुद्दा हा, की या संगीतकारांचे उत्तम काम नेहमी कोणाला तरी जबाबदार होते. एका संहितेला, एका बोलीला, एका देवीला, एका फडाला. त्यांची चाल एकटी कधीच नव्हती.

मग २०१६ साली 'सैराट' आला आणि या जबाबदारीचा कळस झाला. हे विधान काहींना विचित्र वाटेल, कारण 'सैराट'च्या गाण्यांचा बाजारातला लौकिक नेमका उलटा आहे: वरातीत वाजणारी, अंगात येणारी, वाट्टेल त्याला नाचवणारी गाणी. पण चित्रपट पुन्हा आठवून पाहावा. चारही गाणी पूर्वार्धात संपतात. अर्ची आणि परश्या गावातून पळून जाईपर्यंत लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला भव्य वाद्यवृंद त्यांच्यावर आकाशासारखा पसरलेला असतो. हैदराबादच्या झोपडपट्टीत ते पोचले, डोसे विकू लागले, भांडू लागले, की गाणी नाहीशी होतात. आणि अखेरच्या त्या दृश्यात, जेथे लहानगे पोर रक्तात भिजलेल्या पावलांनी उंबरा ओलांडते, तेथे आवाजच नाहीसा होतो. म्हणजे पूर्वार्धातली ती सगळी स्वरांची उधळण अखेरच्या शांततेसाठी आधीपासून मांडून ठेवलेली होती. मंजुळे हे कवी आहेत, 'उन्हाच्या कटाविरुद्ध'चे कवी; कोठे थांबायचे हे कवीला कळते. पण एवढे वैभव निर्माण करून ते हिरावले जाऊ देण्याची तयारी संगीतकारांकडेही असावी लागते. ती त्यांच्याकडे होती.

'झिंगाट'चीच गोष्ट घ्या. हे गाणे कोठे वाजते? पाटलाच्या घरी, प्रिन्सच्या वाढदिवसाला. हा प्रिन्स कोण, हे मराठीच्या अध्यापकांना तरी सांगावे लागू नये: वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या थोबाडीत मारणारा तोच हा. त्याच्या वाढदिवसाला मासेमाऱ्याचा पोरगा अत्तर लावून येतो आणि देहभान विसरून नाचतो. ज्या अंगणात त्याला उद्या जिवंत ठेवायचे की नाही हे ठरणार आहे, त्या अंगणात तो नाचतो. 'झिंगाट' या शब्दातली झिंग ही दारूची जेवढी, तेवढीच या विस्मरणाची आहे. नाच थांबतो, आणि थोड्याच वेळात ते दोघे पकडले जातात. गाण्याचा ठेका जितका बेभान, तितका पुढचा मार खरा वाटतो. हे सगळे वरातीतल्या डॉल्बीवर कळत नाही, कबूल. पण वरातीने संदर्भ विसरावा आणि संगीतकारानेच तो पुसून टाकावा, या दोन गोष्टी एक नव्हेत.

आता 'धडक'च्या अल्बमकडे वळतो. 'याड लागलं'चे तेथे 'पहली बार' झाले. गाणारा आवाज तोच, अजय गोगावले यांचा. चाल तीच. शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे, आणि ते कसलेले गीतकार आहेत, याविषयी वाद नाही. वाद या दोन मथळ्यांमधल्या अंतराविषयी आहे. 'वेड'चे 'येड' आणि 'येड'चे 'याड' होते ते पश्चिम महाराष्ट्राच्या आणि सोलापूरकडच्या ग्रामीण जिभेवर. प्रमाण मराठी शिकलेल्या माणसाच्या तोंडी तो शब्द आला तर तो मुद्दाम आणलेला असतो. आणि 'लागणे' हे क्रियापद पाहा. भूक लागते, तहान लागते, ऊन लागते, दृष्ट लागते, भूत लागते. जे बाहेरून येते, ज्याच्यापुढे माणसाचे काही चालत नाही, ते मराठीत 'लागते'. परश्याला प्रेम होत नाही. त्याला ते लागते, जसे झाड लागते. या एका क्रियापदात त्याचे मरणसुद्धा आहे. याच्या जागी 'पहली बार', म्हणजे क्रमांक! पहिल्यांदा असे झाले, याचा ध्वन्यर्थ दुसऱ्यांदाही होऊ शकते असा. आमच्या वयाच्या वाचकांना हा कीस अनावश्यक वाटेल, पण विद्यार्थ्यांनी करून पाहावा. बरे, हिंदीला हे जमण्यासारखे नव्हते असेही नाही. 'लगना' तेथेही आहे. भूक, तहान, नजर तेथेही 'लगती' असते. शोधले असते तर सापडले असते. शोधण्याची गरज भासली नाही, ही आमची तक्रार आहे.

'झिंगाट'चे काय झाले? तो शब्द तसाच ठेवला. वरवर पाहता हा मराठीचा विजय. पण भोवतालची सगळी बोली काढून घेतल्यावर त्या शब्दाला अर्थ उरत नाही, फक्त आवाज उरतो. दिल्लीतल्या नाचणाऱ्याला तो 'झिंगालाला'च्या जातकुळीतला वाटला तर त्याचा दोष नाही. मराठी शब्द हिंदी गाण्यात गेला तो अर्थ घेऊन नव्हे, मसाल्यासारखा. मिलानमधल्या त्या पायताणाचीही हीच अवस्था होती: घडण होती, ओळख नव्हती.

येथे एक प्रश्न उभा राहतो. करमाळ्याची बोली उदयपूरच्या मुलाच्या तोंडी घालावी असे तुमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. उलट आमचे म्हणणे असे, की उदयपूरच्या मुलाच्या तोंडी उदयपूरची बोली का नाही? मेवाडी म्हणून एक भाषा आहे. मीरेचा मुलूख तो. पावसाळ्यात सुमारे चाळीस दिवस त्या भागातले भिल्ल गावोगाव 'गवरी' करीत फिरतात. मांदल आणि थाळी यांच्या ठेक्यावर चालणारे ते विधिनाट्य म्हणजे देव, सोंग, नवस आणि थट्टा यांचे असे मिश्रण आहे, की 'जोगवा' करणाऱ्या संगीतकारांचे कान ते ऐकताच टवकारले जावेत. जे कान गडहिंग्लजकडच्या कादंबरीतल्या चौंडक्यापर्यंत गेले, ते मेवाडच्या मांदलपर्यंत का गेले नाहीत? आम्हांला 'धडक'मध्ये 'सैराट' नको होता. आम्हांला 'सैराट' करताना लागलेले कष्ट हवे होते. दोन नवी गाणी तेथे आहेत. शीर्षकगीत कानाला गोड आहे, अजय आणि श्रेया घोषाल यांनी ते मनापासून गायले आहे, आणि ते भारतातल्या कोणत्याही शहरातल्या कोणत्याही दोन देखण्या मुलांना शोभेल. नेमका हाच त्याचा दोष.

चित्रपटात जातीचा उल्लेख ओझरता उरला, याची चर्चा त्या वेळी इंग्रजी वृत्तपत्रांतूनही झाली. ती दिग्दर्शकाची आणि निर्मात्याची गोष्ट म्हणून सोडून देता येईल, आणि अनेक चाहते संगीतकारांचा बचाव याच मुद्द्यावर करतात: 'त्यांनी काय करायचे? निर्मात्याने जुनी गाणी मागितली, त्यांनी दिली.' हा बचाव आम्हांला त्यांच्या अपमानासारखा वाटतो. 'याड लागलं' आणि 'झिंगाट' यांचे केवळ संगीत नव्हे, शब्दही अजय-अतुल यांचेच आहेत. म्हणजे ती बोली त्यांच्या कानांनी टिपली, त्यांच्या हातांनी लिहिली. जो केवळ चाल देतो तो शब्दांच्या गळतीबद्दल हात वर करू शकतो. ज्याने शब्द लिहिले त्याला ते करता येत नाही. शिवाय २०१८ पर्यंत ते कोणी उमेदवार राहिले नव्हते. 'धडक' काढणाऱ्या धर्मा प्रॉडक्शन्सबरोबर 'अग्निपथ' (२०१२) आणि 'ब्रदर्स' (२०१५) त्यांनी केले होते, राष्ट्रीय पुरस्कार पदरात होता, 'सैराट' शंभर कोटींचा आकडा गाठून बसला होता. 'नाही' म्हणण्याइतके मोठे ते झाले होते. निदान 'थांबा, नवे करून देतो' म्हणण्याइतके नक्कीच.

'अग्निपथ'चा उल्लेख आला म्हणून सांगतो: इशारा तेथेच मिळाला होता. 'जत्रा'मधले (२००६) 'कोंबडी पळाली' हे आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलेले गाणे तेथे श्रेया घोषाल यांच्या आवाजात 'चिकनी चमेली' झाले. मूळ गाणे म्हणजे जत्रेतली चावट जुगलबंदी. एकाने काढायचे, दुसरीने उलटवायचे. प्रल्हाद शिंदे यांच्या घराण्यातला तो रांगडा गळा, ज्याच्यामागे भीमगीतांची, कव्वालीच्या मुकाबल्यांची आणि पालखीमागच्या गाण्यांची अख्खी परंपरा उभी आहे, त्या गाण्याचा अर्धा जीव होता. हिंदीत हा अर्धा जीव कापला गेला. उरली पुरुषांच्या घोळक्यात एकटी नाचणारी बाई. जुगलबंदीचे प्रदर्शन झाले. पण गाणे गाजले, आणि गाजलेल्या गोष्टीला मराठीत कोणी प्रश्न विचारीत नाही.

'सूर भाषेच्या पलीकडे असतो' हे वाक्य तर आता इतके गुळगुळीत झाले आहे, की ते उच्चारताना कोणाला विचार करावा लागत नाही. सूर भाषेच्या पलीकडे जात असेल. गाणे जात नाही. गाणे म्हणजे बोलणे आणि सूर यांचा तंटा. ज्यांना अजय-अतुल गुरुस्थानी मानतात त्या इळयराजांचे उदाहरण कोणी पुढे करील. त्यांनीही आपल्या चाली भाषेतून भाषेत नेल्याच की! 'ओळंगळ' (१९८२) या मल्याळम चित्रपटातली एक चाल तमिळमधून, तेलुगूमधून फिरत 'पा' (२००९) या हिंदी चित्रपटात पोचली. खरे आहे. पण ती गेली ती सर्वस्वी वेगळ्या कथेत, वेगळ्या माणसांपाशी. तेथे तिला नवे निमित्त शोधावे लागले आणि ते तिने शोधले. 'धडक'मध्ये कथा तीच, जागा तीच, मुलगा-मुलगी तीच. काढून घेतले ते केवळ कारण. चाल दुसऱ्या घरी नांदायला जाणे वेगळे आणि त्याच घरातल्या भिंती पाडून तिला तेथेच उभी ठेवणे वेगळे.

आणखी एक आरोप आमच्यावर हमखास होईल: हा हिंदीद्वेष आहे. कोल्हापुरात बसून हिंदीचा द्वेष करणे इतिहासाला धरून होणार नाही. १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी या शहरात स्थापन झाली, आणि ती पुण्याला जाण्यापूर्वी, १९३२ साली, येथेच 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत तयार झाला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांनी दोन्ही भाषांत कामे केली. पुढे 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'माणूस' आणि 'आदमी' हे जोडही त्याच रीतीने झाले: दृश्य मराठीत घ्यायचे, पुन्हा हिंदीत घ्यायचे. 'माणूस'मधल्या एका गाण्यात तर अनेक भाषांची कडवी आहेत, कारण ते गाणारी बाई ज्या वस्तीत गाते तेथे अनेक प्रांतांची गिऱ्हाईके येतात. भाषा बदलते ती ऐकणाऱ्याप्रमाणे, आणि त्या बदलातच त्या बाईचे सगळे जिणे दिसते. हे १९३९ साली कळत होते. याच्या उलट उदाहरणही आपल्याच गावच्या माणसाचे आहे. व्ही. शांतारामांच्या 'पिंजरा'ची (१९७२) हिंदी आवृत्तीही निघाली होती. जगदीश खेबुडकरांच्या शब्दांतली, राम कदमांच्या चालींतली मराठी गाणी आजही फडावर म्हटली जातात. हिंदीतली कोणाला आठवतात?

फार मागे जाण्याचीही गरज नाही. २०२२ चा 'झुंड' घ्या. मंजुळे यांचाच हिंदी चित्रपट, संगीत अजय-अतुल यांचेच, शब्दही पुन्हा अमिताभ भट्टाचार्य यांचेच. पण तेथे नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांची हिंदी आहे, मराठीच्या कडेला घासून खरबरीत झालेली. एका गाण्याचे नावच 'लफडा झाला'. क्रियापद मराठी, नाम सगळ्या रस्त्यांचे. तोच गीतकार, तेच संगीतकार. फरक एवढाच, की या वेळी समोर एक दिग्दर्शक होता जो ही पोरे कशी बोलतात हे सोडायला तयार नव्हता. त्याच वर्षीच्या 'चंद्रमुखी'त आर्या आंबेकर यांनी गायलेले 'बाई गं' ऐकावे. पोत अजून शाबूत आहे. आटलेले काही नाही. म्हणूनच 'धडक' सोडून देता येत नाही. ज्याची विहीर आटली त्याच्यावर कोण रागावतो?

राहता राहिले आपण, म्हणजे मराठी शिकणारे आणि शिकवणारे. 'माध्यमांतर' हा विषय आता पदव्युत्तर वर्गांत स्थिरावला आहे. कादंबरीचा चित्रपट होताना कोणते पात्र गळले, शेवट कसा बदलला, निवेदनाचे काय झाले, यावर प्रबंधिका लिहिल्या जातात. पण गाणे आले की लेखणी त्याला ओलांडून पुढे जाते, जणू ते मध्यंतरातले शेंगदाणे. 'नटरंग'ची चर्चा गुणाच्या मानसिकतेवर होते, 'जोगवा'ची देवदासी-प्रश्नावर. ज्या गाण्यांमुळे ही पात्रे लाखो लोकांच्या तोंडी गेली, त्यांचे शब्द, त्यांचे उच्चार, त्यांतला बोलीचा नेमका थर यांची कोणी दखल घेत नाही. मग ते गाणे हिंदीत गेल्यावर काय हरवले हे सांगायला कोणापाशी शब्दच नसतात, आणि मैदान 'अभिमान वाटतो' म्हणणाऱ्यांना मोकळे मिळते. बोलीभाषा जपा म्हणून फेब्रुवारीत भाषणे करायची, आणि बोलीतले गेल्या दहा वर्षांतले सर्वांत गाजलेले गाणे बोलीवाचून विकले गेले तर त्याला यश म्हणायचे, ही विसंगती वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याने बोट ठेवून दाखवली तर आपण त्याला काय उत्तर देणार आहोत?

सर्वांत शेवटी एका न घेतलेल्या गाण्याविषयी. 'सैराट'च्या चार गाण्यांपैकी 'धडक'ने दोन उचलली: 'याड लागलं' आणि 'झिंगाट'. दोन्ही मुलाची. एकात तो एकटा झुरतो, दुसऱ्यात मित्रांबरोबर नाचतो. मागे राहिलेल्या दोहोंत 'आताच बया का बावरलं' आहे, अर्चीचे गाणे. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर घेऊन शेतात येणारी, ज्याच्याकडे पाहायचे त्याच्याकडे थेट पाहणारी ही पाटलाची पोरगी. तिच्या मनात पहिल्यांदा काहीतरी हलते तेव्हा ती स्वतःलाच 'बया' म्हणून हाक मारते. 'बया' ही बायकांनी बायकांना, आणि एकट्या असताना स्वतःला, घातलेली हाक आहे. तीत आश्चर्य आहे, रागावणे आहे, माया आहे, आणि देवीही आहे. श्रेया घोषाल यांनी ते गाणे जणू अर्चीच्या शेतातून चालत म्हटले आहे. त्याचे हिंदी कसे करावे हे आम्हांला सुचत नाही, आणि ज्यांना सुचले असते त्यांना विचारलेले दिसत नाही. 'धडक'च्या अल्बममध्ये मुलीचा आवाज आहे तो शीर्षकगीतात, मुलाच्या जोडीने. तिचे एकटीचे असे गाणे त्या चारांत एकही नाही.